इराणी-अमेरिकी घरांतले किस्से: हसावं कुणी आणि कुणासमोर?

मैत्रेयी_अर्वाइन

नमस्कार मंडळी,

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात, अर्वाइनला राहतो. आजूबाजूला इराणी कुटुंबं पुष्कळ. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागाला तर सगळे 'तेहरांजेलिस'च म्हणतात. फारसी पाट्या, पुस्तकांची दुकानं, केशर-पिस्त्याचं आइस्क्रीम आणि फुटपाथवर उभं राहून तावातावानं राजकारण बोलणारे काका. १९७९ च्या क्रांतीच्या आगेमागे जे आले ते आता आजी-आजोबा झालेत, त्यांची मुलं पन्नाशीला टेकलीत आणि नातवंडं माझ्या मुलीच्या वर्गात आहेत.

मुलीच्या जिवलग मैत्रिणीकडे आमचं नेहमीचं जाणं-येणं आहे. त्या घरात जेवढं हसणं ऐकलं तेवढं मी दुसऱ्या कुठल्याच घरात ऐकलेलं नाही. विषय बहुतेक वेळा एकच असतो: इराण आणि अमेरिका यांच्यामध्ये त्यांच्या घराची उडालेली तारांबळ. आजोबा टीव्ही घ्यायला मोठ्या दुकानात गेले. किंमत छापील. आजोबांनी गल्ल्यावरच्या पोराला आधी त्याच्या आईची तब्येत विचारली, मग शिक्षण कुठवर आलं ते विचारलं, मग 'तू मला मुलासारखा' म्हणाले आणि त्यानंतर भाव पाडायला घेतला. पोरगं गांगरलं, मॅनेजरला बोलावून आणलं. आजोबांनी मॅनेजरच्याही आईची चौकशी केली. तिचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी सूट मिळाली! त्यांच्या मुलानं हा किस्सा आम्हाला सगळ्या आवाजांसकट करून दाखवला. आजोबा शेजारीच बसले होते, मधूनमधून त्याला दुरुस्त करत होते.

तर दोन गोष्टी. तुमच्या इराणी शेजाऱ्यांचे, मित्रांचे, सोयऱ्यांचे असे किस्से असतील तर लिहा. आणि दुसरं: आईवडिलांच्या इंग्रजीची, सवयींची नक्कल परक्यांसमोर करावी का? मला त्यात माया दिसते. माझ्या नवऱ्याला खटकतं. तो म्हणतो, घरातलं हसू घरात ठेवावं. तुम्हाला काय वाटतं?

जर्सीची_जाई

मॅनेजरच्या आईचं ऑपरेशन! मी एकटीच मोठ्यानं हसतेय इथे. आजोबांना माझा नमस्कार सांग.

ओंकार_डॅलस

माझ्या टीममध्ये दोन इराणी आहेत, दोघंही चाळिशीचे. हॉटेलात बिल कोण देणार यावर त्यांचं जे चालतं ते बघण्यासारखं असतं. एकदा जेवण झाल्यावर बिल येईना. पहिला खुशीत हसायला लागला, कारण त्यानं आत शिरतानाच हात धुण्याच्या निमित्तानं जाऊन वेटरकडे कार्ड दिलं होतं. वेटर आली आणि म्हणाली, पैसे आधीच मिळालेत, पण या कार्डावरून नाही. दुसऱ्यानं आदल्या दिवशी फोन करून कार्ड नंबर देऊन ठेवला होता. पहिल्याचा चेहरा असा पडला की जणू कुणी त्याला लुबाडलं! पुढचा आठवडाभर तो 'तू माझ्याशी असं वागलास' म्हणत होता. आमची अमेरिकन बॉस दोघांना समजावायला गेली की निम्मं-निम्मं करा. दोघांनी मिळून तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

रेवा

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. माझा नवरा इराणी-अमेरिकन. सासू-सासरे मूळचे शिराझचे. १९८० ते ८८ चं इराक युद्ध चालू असताना दोन लहान मुलांना घेऊन आधी तुर्कस्तानात आणि तिथून लॉस एंजेलिसला आले.

ओंकार, तू लिहिलंस त्याला ताआरुफ म्हणतात. आधी समोरच्याचा मान, मग आपली गरज. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. देणाऱ्यानं आग्रह सोडायचा नाही, आणि मग नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. दोन्ही बाजूंना नियम माहीत असले की सगळं सुरळीत. एकाच बाजूला माहीत असले की माणूस उपाशी राहतो.

माझा नवरा सात-आठ वर्षांचा असताना शाळेतल्या मित्राकडे खेळायला गेला होता. मित्राच्या आईनं विचारलं, सँडविच हवंय? यानं शिकवल्याप्रमाणे 'नको, थँक्यू' म्हटलं. ती 'बरं' म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. हा दाराकडे बघत बसला, कारण आता ती परत येऊन आग्रह करणार याची त्याला खात्रीच होती. घरी आल्यावर त्यानं मामानला (सासूबाईंना आम्ही सगळे मामान म्हणतो) सांगितलं की त्यांच्याकडे जेवण बहुधा कमी पडलं असावं. मामाननी दुसऱ्या दिवशी त्या घरी मोठं पातेलं भरून भात आणि कबाब पाठवले.

याच्या उलट प्रकार नणंदेच्या नवऱ्याचा. तो नेब्रास्काचा, शेतकरी घरातला, अतिशय सालस. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याला त्याच्या आईची शिकवण होती की ताटात काही टाकायचं नाही. आणि मामानची समजूत अशी की ताट रिकामं म्हणजे पाहुणा अजून भुकेला. त्यानं ताट चाटूनपुसून संपवलं, मामाननी वाढलं. त्यानं तेही संपवलं, मामाननी आणखी वाढलं. त्याला घाम फुटला होता. मामान स्वयंपाकघरात येऊन माझ्या नणंदेच्या कानात म्हणाल्या, 'बिचाऱ्याला घरी कुणी जेवायला घालत नाही वाटतं.' शेवटी तहदीगचा, म्हणजे पातेल्याच्या बुडाशी केशर-तुपात खरपूस होणाऱ्या भाताचा, जो तुकडा सासऱ्यांसाठी राखलेला असतो तोही त्याच्या ताटात गेला. सासरे आजही म्हणतात, त्या दिवशी मुलगी गेली त्याचं काही नाही, तहदीग गेला.

सदाशिवपेठी

रेवाताई, झकास. सासऱ्यांचं दुःख पोचलं.

बाकी इराणी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर बन मस्का आणि चहाच येतो. हे तिकडचे लोक आणि आपले कॅफेवाले इराणी एकच का?

चहाबाज

नाही हो. आपल्याकडचे कॅफेवाले इराणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आले, बरेचसे यझ्द आणि केरमान भागांतून. बहुतेक झरतुष्ट्री, काही मुसलमानही. मुंबईचं कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं, डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. अमेरिकेत गेलेली मोठी लाट त्यानंतर कितीतरी वर्षांनी, क्रांतीच्या धामधुमीत निघाली. त्यात मुसलमान होते, ज्यू, आर्मेनियन ख्रिस्ती, बहाई, झरतुष्ट्री सगळेच होते. ब्रिटानियाच्या बेरी पुलावातली ती आंबटगोड लाल बेरी म्हणजे झेरेश्क. अमेरिकेतल्या इराणी घरांत तीच थँक्सगिव्हिंगच्या भातात पडते.

रेवा

बरोबर. आमच्याकडे टर्कीला केशर आणि लिंबू चोळतात, सोबत झेरेश्क पुलाव. क्रॅनबेरी सॉसची वाटी नेब्रास्कावाल्या जावईबापूंसाठी टेबलावर ठेवलेली असते. ते आता झेरेश्कच जास्त घेतात.

वाडियाकर७८

सत्तरच्या दशकात पुण्यात इराणी विद्यार्थी भरपूर होते. कॉलेजात, कॅम्पात, होस्टेलांत. माझा एक वर्गमित्र इस्फहानचा. इथली पदवी घेऊन तो १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत ओक्लाहोमाला गेला. त्या काळी अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त इराणीच असत, पन्नास हजारांच्या वर. नोव्हेंबरात तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीवर कब्जा झाला. तिथल्या लोकांपैकी ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. कार्टर सरकारनं इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन खात्यापुढे हजर व्हायला लावलं. रस्त्यावर वातावरण तापलेलं.

याच्या घरमालकानं विचारलं, तू कुठून आलास? यानं उत्तर दिलं, 'पूना, इंडिया.' खोटं काहीच नव्हतं, पासपोर्टवर मुंबई विमानतळाचा शिक्का होता! म्हातारा खूश झाला आणि म्हणाला, मला योगासनं शिकव, माझी कंबर धरते. आमचा मित्र होस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि मी रोज सकाळी गच्चीवर सूर्यनमस्कार घालायचो ते त्यानं पाहिलेलं. तेवढ्या भांडवलावर त्यानं हिवाळाभर त्या गृहस्थाला सूर्यनमस्कार घालायला लावले. मंत्र आठवत नव्हते म्हणून हाफिज या फारसी कवीच्या ओळी म्हणायचा. कंबर खरोखर सुधारली आणि भाडं वाढलं नाही. हे त्यानं मला पत्रानं कळवलं होतं, अगदी मालकाच्या 'पुढे वाका'च्या चित्रासकट.

जर्सीची_जाई

काका, हाफिजवर सूर्यनमस्कार! हे कुणीतरी चित्रित करायला हवं.

निवांत

किस्सा रंगतदार आहे, पण मला हसू आलं नाही. एका तरुणाला आपल्या देशाचं नाव घ्यायची भीती वाटत होती, हे त्यातलं खरं. त्या काळात कितीतरी जणांनी 'आम्ही पर्शियन' म्हणायला सुरुवात केली, कारण समोरच्याला पर्शिया म्हणजे गालिचे आणि मांजरं एवढंच माहीत असायचं. मोहम्मदचा मो झाला, कुणी स्वतःला इटालियन म्हणवून घेतलं. गोड किस्से सांगताना ही बाजू पुसली जाऊ नये.

वाडियाकर७८

निवांत, तुमचं म्हणणं मान्य आहे. मित्र हा किस्सा नेहमी खदखदून हसत सांगतो. त्याची बायको मात्र त्या वेळी उठून चहा करायला जाते. तिच्या भावाला त्याच वर्षी कॉलेजच्या आवारात मारहाण झाली होती. दोघंही एकाच घरात राहतात आणि दोघांचंही खरं आहे.

तेजस_बे_एरिया

यात रंगमंचावरच्या लोकांचा उल्लेख व्हायला हवा. माझ जोबरानी हा तेहरानमध्ये जन्मलेला, इथे बे एरियात वाढलेला विनोदी कलाकार. जानेवारी २००२ च्या भाषणात बुश यांनी इराण, इराक आणि उत्तर कोरिया यांना 'ॲक्सिस ऑफ ईव्हिल' म्हटलं. काही वर्षांनी जोबरानी आणि मध्यपूर्वेतल्या घरांतले त्याचे साथीदार तेच शब्द आपल्या कार्यक्रमाचं नाव म्हणून घेऊन देशभर फिरले. ज्या शब्दांनी लोक आपल्याला घाबरतात तेच तिकिटावर छापायचे, याला जिगर लागते. मी एकदा त्याला प्रत्यक्ष ऐकलं. प्रेक्षकांत निम्मे इराणी होते आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होत्या त्या साठीच्या पुढच्या बायका.

आणखी एक खरी घडलेली गंमत. २००७ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या स्थानिक निवडणुकीत मतपत्रिका फारसीतही छापल्या. गावात इराणी ज्यू मतदार मोठ्या संख्येनं आहेत, म्हणून. जुन्या रहिवाशांनी तक्रारींचा पाऊस पाडला. त्याच वर्षी तिथे इराणमध्ये जन्मलेले जिमी डेलशाद महापौर झाले.

लेखणी

मी विरोधात लिहिणार आहे, आधीच सांगते.

आमच्या गल्लीत एक इराणी कुटुंब होतं. आई उत्साही, शाळेच्या प्रत्येक सभेला यायची, हात वर करून बोलायची. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण मुद्दे नेमके. शाळेच्या रस्त्यावर झेब्रा पट्टे आखले गेले ते तिच्या पाठपुराव्यामुळे. तिची दोन्ही मुलं घरी येणाऱ्या मित्रांसमोर तिची नक्कल करायची. मित्र हसायचे, तीही हसायची. मग हळूहळू ती सभेत मागच्या रांगेत बसायला लागली. मग नवऱ्याला पाठवायला लागली. मी कारण विचारलं तर म्हणाली, 'मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, आता तीच बोलतील.' मुलं काही बोलली नाहीत, त्यांना शाळेच्या सभेत काय रस!

आई हसते म्हणून तिला चालतं असं धरून चालणं सोयीचं आहे. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार ती? मैत्रेयी, मला तुझ्या नवऱ्याचं म्हणणं पटतं.

मैत्रेयी_अर्वाइन

लेखणीताई, हे वाचून थबकले. आमच्याकडे नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?'

शुभांगी_ताई

वाद चालू द्या, मी मध्येच एक गोड गोष्ट सांगते.

आई दरवर्षी सॅन होजेला माझ्याकडे येते. शेजारी एक इराणी आजी राहतात. आईला मराठी आणि कामापुरतं हिंदी, आजींना फारसी आणि थोडं तुर्की. पहिल्या दिवाळीत आईनं त्यांना काचेच्या भांड्यात चकल्या दिल्या. दुसरं काही कळलं नाही तरी एक गोष्ट दोघींना सारखीच ठाऊक होती: भांडं रिकामं परत द्यायचं नाही. आजींनी त्यात घोर्मे सब्झी, म्हणजे मांस घातलेली पालेभाजी, पाठवली. मी धावत गेले आणि सांगितलं की आई शाकाहारी आहे, मांस चालत नाही. आजींनी मान डोलावली, छातीवर हात ठेवून माफी मागितली आणि तासाभरात त्याच भांड्यात चिकन घेऊन आल्या! त्यांच्या नातवानं मग समजावून सांगितलं की आजीच्या लेखी मांस म्हणजे बकरं, कोंबडी त्यात येत नाही. तिसऱ्या खेपेला वांग्याचं काहीतरी आलं, वर घट्ट दही आणि तळलेला पुदिना. आई बोटं चाटत राहिली. मग आईनं भरली वांगी केली. त्याला उत्तर म्हणून पिस्त्याचा बाकलावा आला. ते भांडं कुणाचं होतं हे आता दोघींनाही आठवत नाही. आई परत जायला निघाली तेव्हा भांडं त्यांच्याकडे होतं, आणि आई विमानतळावर मला बजावत होती, 'ते येईल भरून, तू लगेच काहीतरी करून दे.'

जर्सीची_जाई

चिकन म्हणजे भाजीच! माझ्या ऑफिसातली इराणी मैत्रीण हेच सांगते, तिच्या शाकाहारी नवऱ्याला पहिली तीन वर्षं आजोळी चिकन सूप 'भाजीचं' म्हणून मिळत होतं.

रेवा

लेखणी, तुमची गोष्ट मनाला लागली. उत्तर द्यायच्या आधी एक किस्सा सांगते, कारण माझं मत त्यातूनच बनलंय.

इराणी घरांत दृष्ट काढायला एस्फंद जाळतात. बारीक बिया असतात, निखाऱ्यावर किंवा गॅसवर छोट्या तव्यात टाकल्या की तडतडतात आणि दाट धूर होतो. तो धूर माणसाच्या डोक्याभोवती फिरवायचा. आमचा मुलगा झाला तेव्हा मामान आल्या, त्यांनी एस्फंद जाळला आणि बिल्डिंगचा फायर अलार्म सुरू झाला. सहा मजले लोक रस्त्यावर. अग्निशमन दलाचे चार धिप्पाड जवान सगळा सरंजाम घेऊन धडधडत वर आले. मामाननी दार उघडलं, हातात धुराचा तवा. मी कपाळाला हात लावून उभी. मामान म्हणाल्या, 'नो फायर. बेबी.' मग त्या जवानांकडे नीट बघून मला फारसीत म्हणाल्या, 'किती देखणी पोरं आहेत, यांनाच दृष्ट लागायची,' आणि सगळ्यात पुढच्या जवानाच्या हेल्मेटभोवती तवा फिरवला. त्यानं मुकाट्यानं मान वाकवली. बाकीचे तिघंही रांगेत उभे राहिले. जाताना चौघांच्या हातात चण्याच्या पिठाच्या छोट्या कुकीज होत्या.

आता हा किस्सा कोण सांगतं? मी नाही, नवरा नाही. मामान सांगतात, त्याच इंग्रजीत. 'नो फायर. बेबी.' म्हणून थांबतात आणि सगळे हसेपर्यंत पुढे जात नाहीत. त्यांना माहीत असतं कुठे थांबायचं ते. मला वाटतं, फरक इथे पडतो.

लेखणी

रेवा, किस्सा फार सुंदर आहे. पण तुमच्या मामान खमक्या आहेत. सगळ्यांनाच असं मंचावर उभं राहता येत नाही. जिला येत नाही तिचं काय?

ओंकार_डॅलस

मला दोन्ही पटतंय म्हणून गप्प बसतो आणि नौरोजचं सांगतो.

इराणी नववर्ष मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणी सुरू होतं. त्यामुळे दरवर्षी वेळ वेगळी. २०२५ मध्ये तो क्षण आमच्या डॅलसला २० मार्चच्या पहाटे चार वाजून एक मिनिटानं आला. आणि तो गुरुवार होता! टीममधल्या त्या दोघांपैकी एकानं मला सहकुटुंब बोलावलं होतं. आम्ही पहाटे साडेतीनला पोचलो तर घरात लग्नासारखी गडबड. नवे कपडे, हफ्त-सीन मांडलेलं: सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाक, उगवलेले हिरवेगार गहू, आरसा, काचेच्या भांड्यात सोनमासा. बारा वर्षांचा मुलगा सूट घालून सोफ्यावर बसल्याबसल्या झोपलेला. चार वाजून एक मिनिट झाल्यावर सगळ्यांनी मिठ्या मारल्या, आजीनं कुराणाच्या पानांतून कोऱ्या नोटा काढून मुलांना दिल्या, मला आणि बायकोलाही दिल्या. आणि पाच वाजता मासे आणि हिरव्या भाजीचा भात. पहाटे पाच वाजता! साडेआठच्या मीटिंगला आम्ही दोघं वेळेवर हजर होतो, केशराच्या वासासकट.

निवांत

मला एक विचारायचं होतं. आजी-आजोबा ये-जा कसे करतात? तेहरानला अमेरिकेची वकिलात नाही ना?

तेजस_बे_एरिया

१९८० मध्ये संबंध तुटले तेव्हापासून नाही. व्हिसाच्या मुलाखतीसाठी अंकारा, येरेवान नाहीतर दुबई गाठावी लागत असे. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजीनं नातवाला भेटायला आधी तिसऱ्याच देशात जायचं. जानेवारी २०१७ मध्ये प्रवेशबंदीचा हुकूम आला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं जवळचं नातं असलेल्यांना बंदीतून वगळायला सांगितलं, तर सरकारनं जवळच्या नात्यांत आजी-आजोबा धरलेच नाहीत! तेव्हा इराणी-अमेरिकी नातवंडांनी इन्स्टाग्रामवर आपापल्या आज्यांचे फोटो टाकायचा सपाटा लावला. स्वयंपाक करणाऱ्या, नातवाला मांडीवर घेतलेल्या, गॉगल लावून बागेत बसलेल्या आज्या. या बायकांपासून देशाला धोका आहे, असं म्हणायची कुणाची टाप आहे? जुलैत हवाईतल्या फेडरल न्यायाधीशांनी आजी-आजोबांना जवळच्या नात्यात धरायला लावलं. जून २०२५ पासून इराणवर पुन्हा नवी बंदी आहे.

निवांत

धन्यवाद. हा विनोद मला मनापासून आवडला. त्यात कुणाला कमी लेखलेलं नाही आणि नेम बरोबर जागी लागलाय.

रेवा

लेखणी, तुमचा प्रश्न मी रविवारी सरळ मामाननाच विचारला. मुलांनी तुमची नक्कल परक्यांसमोर केली तर चालतं का? त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या की नक्कल करायची तर अर्धी करू नका.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. शिराझला त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका होत्या. इथे आल्यावर ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पँट्स आखूड करायच्या. गिऱ्हाईक इंग्रजीत ओरडलं की दुकानाचा मालक पुढे व्हायचा, यांना खूण करायचा की तुम्ही आतच थांबा. संध्याकाळी घरी येऊन माझ्या नवऱ्याला आणि नणंदेला बीजगणित शिकवायच्या, फारसीतून. दोघंही इंजिनिअर झाले. मामान म्हणाल्या, 'लोकांना माझं इंग्रजी ऐकवता, तर माझं गणितही ऐकवा. मग खुशाल हसा.'

नवरा तिथेच होता. त्याला शाळेचं माहीत होतं, दुकानातल्या त्या खुणेचं माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, त्यांच्याजवळ बसून भाजी निवडायला लागला.

लेखणी

मामानना माझा साष्टांग नमस्कार. आमच्या गल्लीतल्या त्या बाई आता दुसऱ्या गावी गेल्यात, पण फोन नंबर आहे माझ्याकडे. आज संध्याकाळी लावते. ते झेब्रा पट्टे अजून आहेत, हे त्यांना सांगायचंय. त्यांच्या मुलांनाही सांगायचंय.

वाडियाकर७८

रेवा, उत्तम. माझ्या मित्राच्या बायकोला मी इतक्या वर्षांत तिची बाजू कधी विचारली नव्हती. पुढच्या फोनवर तिच्याशी बोलेन, तिची इच्छा असेल तर.

मैत्रेयी_अर्वाइन

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

काल मुलीला सोडायला गेले तेव्हा त्या आजोबांना विचारलं की इराणमध्ये तुम्ही काय करत होतात? ते आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होते. माल खरेदीच्या वाटाघाटीत त्यांना नेहमी पुढे बसवायचे! त्यांच्या नातीलाही हे पहिल्यांदाच कळलं. मुलगा म्हणाला, आता टीव्हीचा किस्सा मी आबादानपासून सुरू करीन. आजोबा म्हणाले, मग तो रात्रभर चालेल. माझ्या नवऱ्याचं मत थोडं बदललंय. आजोबा स्वतः हजर असतील तर चालेल, असं तो म्हणतो. मी तेवढ्यावर समाधानी आहे.

एक सूचना: नौरोजनंतरच्या तेराव्या दिवसाला सीझदा-बेदर म्हणतात, त्या दिवशी घरात बसायचं नाही, रानात-बागेत जाऊन जेवायचं आणि हफ्त-सीनचे हिरवे गहू वाहत्या पाण्यात सोडायचे. आमच्या इथे मेसन पार्कमध्ये दरवर्षी प्रचंड गर्दी होते. या वेळी ते कुटुंब आणि आम्ही एकत्र जाणार आहोत. जवळ राहणाऱ्यांनी जरूर या. शाकाहारी मंडळींसाठी वेगळा डबा असेल, आणि त्यात चिकन नसेल याची मी स्वतः खात्री करीन.

शुभांगी_ताई

सॅन होजेहून सहा तास गाडी हाकत येऊ. आई तोवर आलेली असेल. आजींनाही आणते, भांड्यासकट.

जर्सीची_जाई

मला यायला जमणार नाही, पण तहदीगचे फोटो टाका. आणि रेवाच्या सासऱ्यांचा तुकडा आधी बाजूला काढून ठेवा.

रेवा

सासऱ्यांनी हे वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाले, या बाईंना माझ्याकडून जेवायला बोलाव. तीनदा बोलाव.